रेवस ते अलिबाग, मोटारीशिवाय

लग्नानंतरचा माझा पहिला शिमगा अलिबागच्या घरी व्हायचा होता. तोवर मी अलिबाग पाहिलंही नव्हतं. लग्न मुंबईत झालं, बिऱ्हाडही गिरगावातल्या एका खोलीत, आणि समुद्र म्हणजे मला ठाऊक तो चौपाटीवरचा. हे छापखान्यात कामाला होते. सणाच्या आधी रजा मिळणार नाही म्हणाले, म्हणून मला न्यायला सासरे आले.

सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणायचं असं मला सांगून ठेवलं होतं. प्रत्यक्षात तोंडातून 'मामा' हा शब्द अजून निघाला नव्हता. लग्नात मान खाली होती, आणि नंतर ते गावी गेले ते आत्ता परत दिसत होते. जन्मभर त्यांनी मालाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे नावेचा म्होरक्या, म्हणून काम केलं होतं. कौलं, मीठ, नारळ, जे मिळेल ते भरून शिडाचा मचवा पार दाभोळपर्यंत नेलेला माणूस. आता घरामागची नारळाची वाडी बघत. मुंबईला येतानाही ते ओळखीच्या मचव्यातून नारळांवर बसून फुकट आले होते आणि परतही तसेच गेले असते. पण नवी सून नारळांच्या ढिगावर बसवून कशी न्यायची, म्हणून केवळ माझ्यापायी त्यांनी आगबोटीची तिकिटं काढली. हे सगळं मला ह्यांनी हसत हसत सांगितलं. वर म्हणाले, "रेवसला उतरलं की अलिबागला जायला मोटार असते. बाबा तुला मोटारीनं नेतील असं मला वाटत नाही. पण तुझ्याजवळ पैसे असू देत."

भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली तेव्हा पाण्यावर दाट धुकं होतं. मुंबई हळूहळू पुसली गेली आणि पुढचं काही दिसेना. वर भुरकट, खाली भुरकट, आणि मधे इंजिनाची धडधड. मामा कठड्याला पाठ लावून मांडी घालून बसले होते. मी पदर नाकाशी धरून बसले होते, कारण पोटात ढवळत होतं. मधूनच ते माझ्याकडे न बघता बोलत. "हा उरनचा डोंगर गेला." थोड्या वेळानं, "आता खाडीचं पानी लागलं." मला कुठेच काही दिसत नव्हतं. मामांना धुक्यातलं कसं दिसतं, याचं मला नवल वाटलं, आणि मग वाटलं, दर्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला दिसत असेल.

रेवसला पोचलो तेव्हा ओहोटी होती. बोट धक्क्याला लागेना. छोटे पडाव आले, आणि माणसं, ट्रंका, कोंबड्यांच्या पाट्या सगळं त्यांत उतरवलं. मामांनी माझी पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेतली. पडावातून धक्क्यावर पाय टाकताना ते क्षणभर थांबले, पायानं पायरी चाचपली आणि वर चढले. मला वाटलं, शेवाळ बघतायत. धक्क्याच्या तोंडाशी मोटार उभी होती. तिच्या पायरीवर उभा राहून एक जण "अलिबाग, अलिबाग, चला अलिबाग" असा सूर लावत होता. बोटीतली निम्मी माणसं धावत तिच्याकडे गेली. मामा सरळ तिच्या बाजूनं पुढे निघाले.

मी मागे रेंगाळले. पोटातलं ढवळणं थांबलं नव्हतं आणि उन्हं डोक्यावर आली होती. धीर करून म्हटलं, "मामा, ह्यांनी मोटारीचे पैसे दिलेत माझ्याजवळ."

त्यांच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य.

"ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ," ते म्हणाले. "मोटारीत काय हाय? धूळ नि त्याल जळल्याचा वास. अजून ओकशील. चल गो पोरी, आपुन आपल्या वाटेनं जाऊ."

आपली वाट म्हणजे काय ते मला बंदराबाहेर कळलं. आवळून बांधलेले पांढऱ्या कांद्याचे वेण्यांसारखे गुंफलेले गजरे मुंबईच्या बोटीवर चढवून एक बैलगाडी रिकामी परत चालली होती. मामांनी गाडीवानाला नुसत्या आवाजावरून ओळखलं. "किहीमला चाललास न्हवं?" एवढंच विचारलं. गाडीवान म्हणाला, "व्हय तांडेल, बसा." एवढ्यावर आमची सोय झाली. गाडीच्या तळाला कांद्याची चंदेरी सालं पसरली होती. बैल चालू लागले तशी ती उडायची, माझ्या लुगड्यावर बसायची, पुन्हा उडायची.

त्या प्रवासातला हा भाग मला झोपेतल्यासारखा आठवतो. मुंबईत वाढलेल्या मला एवढी शांतता कधी ऐकू आली नव्हती. चाकांचं कुरकुरणं, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा एकच एक नाद, आणि दोन्हीकडून वाटेवर ओणवलेल्या नारळी. उन्हाचे कवडसे गाडीवानाच्या पाठीवरून सरकत माझ्या मांडीवर यायचे आणि मागे वाटेवर पडायचे. मळून ठेवलेल्या पेंढ्याचा वास, कुठे वाळत घातलेल्या सुकटीचा वास, कुठे आंब्याच्या मोहोराचा. माझं पोट केव्हा शांत झालं कळलंही नाही. एका विहिरीपाशी गाडी थांबवून आम्ही तांदळाची भाकरी खाल्ली. गाडीवानानं राहिलेला एक कांदा बुक्कीनं फोडून माझ्या हातात दिला. तो कांदा गोड होता. कांदा गोड असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मामांना मी भाकरी दिली ती त्यांनी माझ्या हातातून घेतली नाही, मी ती त्यांच्या मांडीवरच्या पंचावर ठेवली तेव्हा चाचपून उचलली. सुनेच्या हाताला हात लागू नये म्हणून असेल, असं मी मनाशी म्हटलं.

किहीमला गाडी आपल्या वाटेनं गेली आणि आम्ही सुरूच्या बनातून समुद्राकाठच्या रेताड पुळणीवर उतरलो.

"इथून सरळ दर्याच्या कडेनं," मामा म्हणाले. "थळ, वरसोली, नि मग आपलं घर. रस्त्यानं गेलो तर वळसा पडतो. भरती लागलीय, पन वाटेतला ओहोळ भरायच्या आत पार होऊ."

पुढे ते, मागे मी. त्यांची चालण्याची रीत निराळीच होती. एक पाऊल ओल्या वाळूत, एक कोरडीत. लाट सरकून घोट्याला लागली की ते किंचित वर सरकत, पाणी गेलं की पुन्हा खाली. मीही तसंच चालून पाहिलं. ओल्या वाळूवर सगळं आकाश उतरलं होतं आणि आम्ही दोघं त्यावरून चालत होतो. मागे वळून बघावं तर पावलं पुसलेली. मुंबईतली खोली, स्टोव्हचा आवाज, नळावरची भांडणं, सगळं दुसऱ्या कुणाचं तरी असावं असं वाटत होतं.

मधेच ते थांबले. ट्रंक दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि समुद्राकडे बोट दाखवलं.

"ती बघ खांदेरी. जुना किल्ला हाय तिच्यावर, नि दिवा हाय. रातच्याला मचवा आनताना ह्यो दिवा दिसला की आमी म्हनायचो, घर आलं. दिसली?"

मी त्यांच्या बोटाच्या रोखानं पाहिलं. समोर नुसतं लखलखतं पाणी होतं आणि पाण्याच्या टोकाला धुरकट आकाश. समुद्राकडे तोंड केल्यावर डावीकडे, दूर पाण्यात दोन काळपट उंचवटे दिसत होते, पण ते त्यांच्या बोटापासून बरेच लांब होते. मुंबईच्या पोरीला एवढंही दिसत नाही असं त्यांना वाटू नये, म्हणून मी म्हटलं, "हो, दिसली."

"छान हाय ना?"

"खूप छान."

ते खुशीत पुढे निघाले. त्यानंतर त्यांना बोलायला जणू वाट मोकळी झाली. एकदा खांदेरीच्या बाजूला वारा पडला आणि मचवा दिवसभर एका जागी उभा राहिला, तेव्हा सगळ्यांनी मिळून भोपळा कसा शिजवून खाल्ला, ते त्यांनी सांगितलं. ह्यांच्या जन्माच्या वेळी ते दर्यावर होते, आणि मुलगा झाला ही बातमी दुसऱ्या मचव्यावरच्या माणसानं ओरडून सांगितली, पण वाऱ्यानं त्यांना मुलगी झाली असं ऐकू आलं. घरी ते बांगड्या घेऊन गेले. मी पदरात तोंड लपवून हसले. ह्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं.

थळ मागे पडलं. आणखी बरंच चालल्यावर तो ओहोळ आला. जमिनीकडून येऊन तो पुळण कापत समुद्राला मिळत होता. लाटेबरोबर खारं पाणी आत शिरत होतं, मागे हटत होतं आणि दर वेळी थोडं अधिक आत येत होतं.

"भरायच्या आत आलो," मामा म्हणाले. "गुडघ्याएवढं पानी. हितनं चल, माझ्या मागनं."

पण मला वरून दिसत होतं की ते म्हणत होते तिथलं पाणी गडद, हिरवट होतं. जरा वरच्या अंगाला पाणी पसरट होतं आणि तळाची वाळू स्वच्छ दिसत होती. मला वाटलं सांगावं. पण जन्म पाण्यावर काढलेल्या तांडेलाला मी काय सांगणार! मी लुगडं आवरून घेतलं आणि ते पाण्यात उतरले.

दुसऱ्याच पावलाला ते कमरेपर्यंत खाली गेले. वाळू ढासळत होती. त्यांनी ट्रंक डोक्यावर उचलून धरली, तेवढ्यात बाहेरून लाट आत घुसली आणि त्यांचा तोल गेला. मी काही विचार केला नाही. पाण्यात धावले, त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला आणि मागे ओढलं. ते गुडघ्यावर आले, मीही पडले, खारट पाणी नाकातोंडात गेलं. कसेबसे आम्ही काठावर आलो. ट्रंक त्यांनी सोडली नव्हती.

दोघंही वाळूत बसलो, नखशिखान्त ओले. ते खोकत होते. मग म्हणाले, "पावसाळ्यानं जागा बदललेली दिसते."

"हो," मी म्हटलं. "वरच्या अंगाला उथळ आहे. तिकडून जाऊ."

मी पुढे झाले. ते माझ्या पावलांच्या आवाजावर मागून आले. पलीकडे गेल्यावर मी पदर पिळला, त्यांनी पंचा पिळून डोक्याला गुंडाळला. सूर्य पाण्याला टेकला होता. सगळी पुळण तांबूस झाली होती आणि त्या तांबूस उजेडात आम्ही दोघं ओल्या कपड्यांनी कुडकुडत चाललो होतो. दंड धरताना त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा जवळून पाहिला होता. दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांत दुधासारखं काहीतरी होतं. मला ते तेव्हा नीट उमगलं नाही, म्हणजे उमगलं, पण मनात त्याला शब्द द्यायचा धीर होत नव्हता.

सूर्य बुडाला. थोड्या वेळानं मी सहज मागे पाहिलं. मघाचे ते दोन काळे उंचवटे आता आमच्या मागे, उजव्या हाताला राहिले होते. त्यांतल्या लांबच्या उंचवट्यावर एक बारीकसा दिवा पेटला होता.

"मामा," मी म्हटलं, "दिवा लागला."

ते जागच्या जागी थांबले. "कुठं?"

"तिकडे. मागे."

ते वळले, पण चेहरा भलतीकडेच केला, मोकळ्या पाण्याकडे. दिवा तिकडे नव्हता. मग मी सुनेनं करू नये ते केलं. त्यांचं मनगट धरलं आणि हात वळवून त्यांचं बोट बरोबर दिव्यावर आणलं. त्यांनी हात मागे घेतला नाही. तसाच धरून बराच वेळ उभे राहिले.

"हितं?" ते म्हणाले.

"हो."

"धुकं दिसतं गो पोरी. गेल्या दोन पावसाळ्यांपासनं. उजेड दिसतो, मानूस उभा हाय कळतं. बाकी सगळं धुकं." मग म्हणाले, "मोटारीच्या पायरीवर पाय चुकला असता. रेवसचं अख्खं बंदर मला वळखतं. तांडेल मोटारीत चढताना पडला म्हनून लोक हसले असते. हितं पुळनीवर कोन बघतो?"

लाटांचा आवाज मोठा झाला होता.

अचानक त्यांनी विचारलं, "दुपारी मग मी कुठं दाखवली खांदेरी?"

"पाण्यात," मी म्हटलं. "नुसत्या पाण्यात."

"नि तू म्हनालीस दिसली!"

"तुम्ही दाखवलीत म्हणून म्हटलं."

आणि तो उंचापुरा म्हातारा, ओल्या पंचानं डोकं गुंडाळलेला, एवढ्या मोठ्यानं हसला की किनाऱ्यावरचे पक्षी उडाले. "छान हाय, म्हनालीस! खूप छान!" त्यांना हसू आवरेना. मलाही आवरेना. आम्ही दोघं त्या काळोखत जाणाऱ्या पुळणीवर उभे राहून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

पुढे प्रश्न होता तो गावातून जाण्याचा. वरसोलीच्या पुढे वस्ती लागणार, मग बाजार, दिवेलागणीची गर्दी, आणि अलिबागच्या बाजारात त्यांना न ओळखणारं कोणी नव्हतं. हात धरून नेलेलं त्यांना चाललं नसतं. मी ट्रंकेकडे पाहिलं. तिला दोन्ही बाजूंनी कड्या होत्या. म्हटलं, "मामा, ट्रंक आता ओली होऊन जड झालीय. एक कडी तुम्ही धरा, एक मी धरते."

ट्रंक मुळीच जड नव्हती. पण त्यांनी कडी धरली.

तसे आम्ही अलिबागेत शिरलो. दुकानांतून कंदील लागले होते, उदबत्तीचा आणि भाजलेल्या शेंगांचा वास येत होता. मी ट्रंक जरा वर उचलली की पुढे दगड आहे हे त्यांना कळायचं, माझ्याकडे ओढली की वळण. हे आम्ही ठरवलं नव्हतं, चालता चालता जमून आलं. एका दुकानातून कोणीतरी हाक मारली, "काय तांडेल, सून आणली वाटतं? भिजलात कसे?" मामा आवाजाच्या दिशेनं मान वळवून म्हणाले, "सुनेला दर्या दाखवत व्हतो." आणि डौलात पुढे चालले. मोटारीनं आलेली माणसं कधीच घरी पोचून जेवायला बसली असतील. पण मला त्या क्षणी घर आणखी थोडं लांब असतं तरी चाललं असतं.

घराच्या ओट्यावर सासूबाई उभ्या होत्या. दुपारपासून उभ्या असाव्यात. त्यांनी आधी आमच्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं, मग ट्रंकेकडे. "एवढीशी ट्रंक, नि दोघांनी धरून आनलीत?" म्हणाल्या. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मला आत नेऊन कोरडं लुगडं दिलं आणि चुलीपाशी बसवलं. मग हळूच म्हणाल्या, "कळलं तर तुला."

मी चमकले. "आत्या, तुम्हांला ठाऊक आहे?"

"माज्याबिगर कोनाला ठाऊक असनार? ताटात मासा मी रोज एकाच जागी वाढते, डाव्या अंगाला. काटे काढून. पान्याचा तांब्या रोज त्याच जागी. त्यांना वाटतं आपल्या ध्यानातच आलं न्हाय कोनाच्या."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्या चुलीत लाकूड सारत राहिल्या. "बोलले असते तर बाहेर पडनं सोडलं असतं त्यांनी. मुंबईला निघाले तवा माझा जीव टांगनीला लागला व्हता. पन जायचं म्हनाले, सुनेला मीच आननार. मग कसं अडवू?"

त्या रात्री जेवताना मी पाहिलं. मासा डाव्या अंगाला होता. मामांचा हात न चुकता तिथे गेला.

शिमग्याला हे आले. होळीच्या दुसऱ्या दिवशी मामांनी स्वतःच त्यांना सांगितलं, मी नाही. हे म्हणाले, मुंबईत डोळ्यांचं ऑपरेशन होतं. मामा ऐकेनात. चाकू लागला की डोळा फुटतो, कुणाचा तरी फुटला होता, असं त्यांचं चालू झालं. चार-पाच वेळा वाद झाला. शेवटी मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं, "मामा, तिथे धर्मार्थ इस्पितळ आहे. फुकट करतात."

"फुकट?" मामा म्हणाले.

पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या तसे ते मुंबईला आले. या खेपेला मचव्यातून नाही, सासूबाईंबरोबर आगबोटीनं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना निजवून ठेवलं होतं, हलायचं नाही, हसायचं नाही. मी भेटायला गेले की ते ओठ दाबून म्हणत, "खूप छान!" आणि मग परिचारिका मलाच रागवे.

काही आठवड्यांनी जाड भिंगाचा चष्मा मिळाला. तो त्यांनी इस्पितळात लावला नाही, खिशात घालून आमच्या खोलीवर घेऊन आले. खिडकीपाशी बसले. सासूबाई चहा करत होत्या, मी दारात उभी होते. त्यांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, कानांवर चढवला आणि डोळे बारीक करून माझ्याकडे पाहू लागले. त्यांनी मला तोवर कधी पाहिलंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी पदर सावरून उभी राहिले. नजर कुठे ठेवावी ते कळेना.

"आवाजावरनं मला तू बुटकी नि गोरीपान वाटली व्हतीस," ते म्हणाले.

"मग?"

"उंच हायस. नि काळी हायस."

सासूबाई स्टोव्हपाशी ओरडल्या, "काय बोलता पोरीला!"

"खरं ते बोलतो. दर्यावरची वाटते," मामा म्हणाले, आणि चष्मा नाकावर सारखा करून खिडकीबाहेर पाहू लागले. समोरच्या चाळीच्या कठड्यांवर लुगडी वाळत होती. ती ते कितीतरी वेळ एकेक करून पाहत बसले. हिरवं, म्हणाले. पिवळं. ते पलीकडचं अंजिरी. चहा निवून गेला तरी त्यांचं चालूच होतं.